पादुआची पंधरा मिनिटं

प्रश्न : ताई, नमस्कार. मे महिन्यात आम्ही दोघं सहलकंपनीबरोबर इटलीला जातोय. व्हेनिसमध्ये एक दिवस मोकळा आहे. याच सदरात तुम्ही एकदा व्हेनिसजवळच्या पादुआ शहरातल्या स्क्रोवेन्यी चॅपेलचा, म्हणजे भित्तिचित्रांनी भरलेल्या छोट्या प्रार्थनाघराचा, उल्लेख केला होता, तेव्हापासून ते मनात आहे. पण आत फक्त 15 मिनिटं सोडतात म्हणे. मुलगा म्हणतो, पाव तासासाठी अर्धा दिवस कशाला घालवता? शिवाय बायबलमधल्या कथा आम्हाला माहीत नाहीत. जावं का? गेलो तर काय पाहावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जा. नक्की जा.

व्हेनिसहून रेल्वेनं अर्धा-पाऊण तास लागतो, आणि स्टेशनापासून चॅपेल चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिकीट मात्र निघण्याआधी इथूनच, वेळ ठरवून काढून ठेवा. आत सोडण्यापूर्वी सगळ्यांना एका काचेच्या खोलीत पाव तास बसवतात. तिथे कंटाळू नका. आपण बाहेरून धूळ आणि दमटपणा घेऊन येतो, तो तिथे कमी होतो. चुन्याच्या भिंतीत ओल शिरली आणि तिला हवेतलं गंधकाचं प्रदूषण मिळालं, की चुन्याचं जिप्सम होतं आणि रंग पापुद्र्यांनी सुटायला लागतो. 700 वर्षं टिकलेली चित्रं आपल्या श्वासानं खराब होऊ नयेत, म्हणून ही 15 मिनिटांची मर्यादा. मी सिल्लोडला 28 वर्षं चित्रकला शिकवली. दरवर्षी मुलांना अजिंठ्याला न्यायची, आणि एकेका लेण्यात चाळीस-चाळीस मुलांचा घाम आणि श्वास कोंडलेला पाहायची. त्यामुळे पादुआतला तो नियम मला फार आपुलकीचा वाटला.

2014 च्या ऑक्टोबरात मी आणि माझी मोठी बहीण तिथे गेलो होतो. पहिल्या दिवशी मी फार मोठी चूक केली. आत शिरले आणि सगळंच पाहायला धावले. वरती निळं छत, त्यावर सोनेरी तारे, दोन्ही भिंतींवर चित्रांच्या एकावर एक तीन रांगा. मान वर करून गरगर फिरले, घंटा झाली, बाहेर आले. बाकावर बसून वहीत काहीतरी काढायला गेले, तर निळ्या रंगाखेरीज काहीच आठवेना. मला रडू आलं. बहीण म्हणाली, ‘उद्याचं तिकीट मिळतंय का बघ.’ मिळालं. दुसऱ्या दिवशी मी फक्त तीन चित्रांपुढे उभी राहिले. तुम्हीही तसंच करा.

आधी हे चॅपेल बांधलं कोणी ते लक्षात ठेवा. एनरिको स्क्रोवेन्यी हा पादुआचा धनाढ्य माणूस. त्याचा बाप रेजिनाल्दो सावकार होता, इतका कुप्रसिद्ध की दान्ते कवीनं त्याला आपल्या काव्यात थेट नरकात बसवलं. नाव घेतलं नाही, पण गळ्यातल्या थैलीवर त्यांच्या घराण्याचं चिन्ह, निळी गाभण डुकरीण, दाखवली. लोकांना तेवढं पुरे होतं. एनरिकोनं 1300 मध्ये जुन्या रोमन रंगमंडलाची जागा विकत घेतली, तिथे हे चॅपेल उभारलं आणि चित्रांसाठी फ्लॉरेन्सच्या जोत्तो या चित्रकाराला बोलावलं. 25 मार्च 1305 ला चॅपेलचं पवित्रीकरण झालं. वेदीकडे पाठ करून समोरची भिंत पाहा. तिथे अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी होणाऱ्या पाप-पुण्याच्या निवाड्याचं, भलं मोठं चित्र आहे. खाली एनरिको गुडघे टेकून चॅपेलची छोटी प्रतिकृती येशूची आई मरिया हिला अर्पण करतोय. आणि त्याच भिंतीवर नरकात काही माणसं आपल्याच पैशाच्या थैल्यांच्या नाड्यांनी गळफास बसून लोंबकळतायत. घरात सावकारीचा पैसा असलेल्या माणसानं हे रोज पाहायचं! सावकाराच्या वहीची भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अनुभवली, त्यांना ही भिंत समजायला कुठल्याच धर्माची ओळख लागत नाही.

कथांचं म्हणाल तर एवढंच पुरे. गोष्ट वेदीजवळ, उजव्या भिंतीच्या सगळ्यात वरच्या रांगेत सुरू होते आणि प्रदक्षिणेसारखी फिरत फिरत खाली उतरते. वरच्या रांगेत मरियेचे आईवडील आणि मरिया, खालच्या दोन रांगांत येशू.

आता ती तीन चित्रं. पहिलं वरच्या रांगेतलं, मरियेचे वडील योआखीम आणि आई आन्ना यांच्या भेटीचं. मूल नाही म्हणून अपमान सोसलेलं हे वयस्कर जोडपं शहराच्या वेशीत भेटतं. दोघांचे चेहरे इतके जवळ आलेत की एकच चेहरा झालाय. तिचा हात त्याच्या दाढीवर आहे. बाजूच्या हसऱ्या बायकांमध्ये काळ्या वस्त्रात चेहरा अर्धा झाकून घेतलेली एक बाई उभी आहे. ती तिथे का, याचा मी आजही विचार करते.

दुसरं, यहूदाचं चुंबन. यहूदा हा येशूचाच शिष्य, चुंबन घेऊन त्यानं येशूला शत्रूंच्या हाती दिलं. भाले, मशाली, गोंधळ, पेत्र नावाचा दुसरा शिष्य कोणाचा तरी कान कापतोय. आणि मधोमध यहूदाच्या पिवळ्या झग्यानं येशूला पुरतं गुंडाळून टाकलंय. दोन्ही चेहरे एकमेकांकडे रोखलेले. येशूची नजर पाहा. राग नाही, आश्चर्यही नाही.

तिसऱ्यापुढे सगळ्यात जास्त वेळ थांबा. येशूचा मृतदेह मांडीवर घेऊन आई बसलीय. मागचा खडकाचा उतार तिरका खाली येत येत बरोबर त्या दोघांच्या चेहऱ्यांशी थांबतो. आकाशातले देवदूत प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेनं आक्रोश करतायत. पण मला हलवलं ते पुढे जमिनीवर बसलेल्या, आपल्याकडे पाठ केलेल्या दोन व्यक्तींनी. त्यांचे चेहरे जोत्तोनं दाखवलेच नाहीत. आमच्या आईला शेवटचं आणलं तेव्हा अंगणात मावश्या तशाच बसल्या होत्या. मी दारात उभी होते आणि मला फक्त त्यांच्या पाठी दिसत होत्या. 15 मिनिटांतली सहा मिनिटं मी तिथेच होते, आणि बाकीची चित्रं राहिली याचं वाईट वाटलं नाही.

बाहेर आल्यावर शेजारच्या एरेमितानी चर्चमध्येही जा. 11 मार्च 1944 ला तिथे बाँब पडले आणि मान्तेन्या या चित्रकाराच्या भित्तिचित्रांचा चक्काचूर झाला. हाताच्या अंतरावरचं जोत्तोचं चॅपेल वाचलं. मुलाला हेही सांगा.

प्रश्न : आमच्या पुस्तकात अजिंठ्याच्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हटलंय. सर म्हणतात ते चूक आहे. बरोबर काय?
– एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : तुझे सर बरोबर आहेत. वरचं उत्तर वाचलंस तर फरक लगेच कळेल. पादुआत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावले, यालाच फ्रेस्को म्हणतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यातच अडकतो. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज सकाळी करायचा. अजिंठ्यात तसं नाही. तिथे खडकावर माती, तूस आणि गवताचे धागे यांचा लेप, म्हणजे आपली सारवलेली भिंतच समज. त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. जोत्तोचा निळा, तांब्याच्या खनिजाचा, ओल्या चुन्यात नीट टिकत नाही. म्हणून त्यानं तो वाळलेल्या भिंतीवर, थोडक्यात अजिंठ्याच्याच रीतीनं लावला. मरियेच्या झग्यावरचा तो निळा ठिकठिकाणी गळून गेलाय. अजिंठ्याचा निळा लाजवर्द या निळ्या दगडाचा, आजच्या अफगाणिस्तानातून आलेला.

निजाम सरकारनं 1920 च्या सुमारास इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांना अजिंठ्याला बोलावलं होतं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरवला. वर लावलेलं लाखेचं व्हार्निश मात्र पुढे पिवळं पडलं आणि चित्रं झाकोळली. पुरातत्त्व खात्याला ते थर काढायला फार कष्ट पडले आहेत.

तू जळगावचीच, त्यामुळे अजिंठा जवळच. गेलीस की पद्मपाणीकडे वळण्याआधी, जिथे गिलावा पडलाय तिथे कडेला नजर ने. मातीत तूस दिसेल.