पहिला भाग मंडईत कर

पुण्यावर पॉडकास्ट करायचाय ना? मग शनिवारवाड्याचा इतिहास वाचून दाखवू नकोस, तो सगळीकडे मिळतो. सकाळी महात्मा फुले मंडईत जा. आधी भाजी घे, गप्पा मार, परवानगी माग, मगच फोन काढ. तो एअरप्लेन मोडवर टाक आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर, जरा तिरका धर. म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना निघणाऱ्या हवेचे फटके माइकवर बसत नाहीत. "मंडई आवडते का?" विचारलंस तर "हो" एवढंच मिळेल. "या गाळ्यावर पहिल्यांदा कोण बसलं?" असं विचार आणि गप्प राहा. माणसं मनातलं बोलतात ती त्या थांबण्यानंतरच. तिथे घाई करू नकोस. निघताना मंडईचा नुसता गलका १ मिनिट रेकॉर्ड कर, संपादनात दोन तुकडे जोडायला लागतो.