चार ओळी काढून दाखव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोनशे पानी वही आणि तिच्यात घडी घालून ठेवलेले पत्र, दोन्ही मिळाले. चौथीपासून लिहिण्याचा नाद आहे, तर बारावीनंतर मराठी घेऊन बी. ए. करावे, की बाबा म्हणतात त्याप्रमाणे वाणिज्य शाखेतच राहून लिहिणे छंदापुरते ठेवावे, असे तू विचारले आहेस. उत्तर लिहायला बसण्याआधी मी वही वाचून काढली, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच सापडणार, याची मला खात्री होती.

पहिल्या तीन कथांत नयनरम्य निसर्ग आहे, सोनेरी किरणे आहेत आणि प्रत्येक नायिकेच्या डोळ्यांत टचकन पाणी येते. ही भाषा तुझी नव्हे, शाळेतल्या निबंधाची आहे. तिच्या जोरावर आम्हीही गुण मिळवले, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. चौथ्या कथेत मात्र, खळ्याच्या प्रसंगात, तू लिहून गेलीस : ‘आजोबांनी दाभणात सुतळी ओवली, पोत्याचे तोंड शिवले आणि उरलेली सुतळी दातांनी तोडून खिशात ठेवली.’ त्या खिशातल्या सुतळीपाशी मी थांबले. आजोबा काटकसरी होते, हे वेगळे सांगण्याची गरजच उरली नव्हती. तरी पुढच्या ओळीत तू ते सांगितले आहेस. ती ओळ मी पेन्सिलीने खोडली आहे.

छंद म्हणून लिहिणारा माणूस एकदा लिहून वही मिटतो, आणि त्यात गैर काही नाही. तुला त्यापुढे जायचे असेल, तर तेच पान दुसऱ्यांदा लिहिण्याची सवय लागली पाहिजे, आणि पुढचे शिक्षण काय, नोकरी कोणती, हेही मी याच एका कसोटीवर ठरवीन. मला स्वतःला हे उशिरा कळले. मी एका साप्ताहिकात उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा तिथे मजकूर अजून शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांनी, जुळवला जात असे. माझा पहिलाच लेख पानात बसेना. खिळे जुळवणारे काका गॅलीचे ओले प्रूफ घेऊन टेबलाशी आले आणि म्हणाले, “बाई, चार ओळी जास्त होतायत, काढा.” मी शेवट कापायला घेतला, तर ते म्हणाले, “शेवट राहू द्या, सुरुवात काढा. सुरुवातीला सगळे नुसते घसा खाकरतात.” त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे होते आणि त्या कचेरीत त्यांच्याइतका मजकूर कोणीच वाचला नव्हता.

आता शिक्षणाचे. मराठीच्या बी. ए.त लिहायला शिकवत नाहीत, वाचायला लावतात. महानुभावांचे तेराव्या शतकातले तुटक, बोलके गद्य, बखरींची ऐट आणि संतांचे अभंग एका बैठकीत तुझ्यापुढे आले, तर सोनेरी किरणे आपोआप फिकी पडतील. पण वाणिज्य शाखेत राहिलीस म्हणून लेखक होणार नाहीस, असेही नाही. खतावणी, व्याज आणि तगादा ज्याला आतून कळतो, त्याच्यापाशी मराठी कथेत फारसे न आलेले एक जग असते, तेव्हा एवढ्यासाठी बाबांशी भांडण नको. मात्र शाखा कोणतीही घेतलीस तरी शुद्धलेखनाचे नियम शिकून घे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, असे ते अवघे १८ आहेत. तू ‘आणी’ आणि ‘परंतू’ सगळीकडे दीर्घ लिहितेस. असे दिसले की घाईतला संपादक दुसऱ्या पानावर जात नाही, मग सुतळी पाचव्या पानावर असली तरी तिचा उपयोग काय?

पोटापाण्याबद्दल बाबांचे म्हणणे मला पटते. मराठीत निव्वळ पुस्तकांच्या उत्पन्नावर घर चालवणारे लेखक फार थोडे. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले, मर्ढेकर आकाशवाणीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. तुझ्यासारख्या मुलीने शांता शेळके यांचा प्रवास जरूर पाहावा. मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर त्यांनी आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात काम केले, नागपूरला आणि मुंबईत प्राध्यापकी केली आणि हे चालू असतानाच कविता, सदरे, अनुवाद, चित्रपटगीते लिहिली. तयार चालीवर शब्द बसवायचे म्हणजे आवडता शब्द मात्रेत बसत नाही म्हणून सोडून द्यावा लागतो. खिळे जुळवणाऱ्या काकांच्या चार ओळींचीच ही गोष्ट आहे.

म्हणून नोकरी निवडताना, शब्दांचे काम मिळते का, एवढेच पाहू नकोस. केलेले काम पुन्हा तपासायला तिथे वेळ देतात का, हेही पाहा. अनुवाद, मुद्रितशोधन आणि पाठ्यपुस्तकांचे संपादन यांत पैसा बेताचा असला तरी हात घडतो. मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामे असतात आणि पैसे बरे मिळतात. पण रोज दिसणाऱ्या मालिकेला रोज नवा भाग लागतो आणि दुसऱ्यांदा लिहिणे तिथे चैनीचे ठरते. दोन वर्षे कर. दहा वर्षे करू नकोस.

ओळखीशिवाय छापतात का, असेही तू विचारले आहेस. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली. ती होती जयंत नारळीकरांची. नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. तिला पहिले बक्षीस मिळाले. तुझे नाव आज कोणालाच माहीत नाही, म्हणजे जी सोय त्यांना मुद्दाम करून घ्यावी लागली, ती तुला फुकट मिळाली आहे. दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर जुलैच्या आत पाठव. पोच बहुधा येणार नाही, ‘साभार परत’ येईल. माझ्याकडे तशा पत्रांची एक पिशवी भरली आहे.

पुस्तकाची मात्र घाई नको. माझ्या पहिल्या कथासंग्रहासाठी मी प्रकाशकाला पदरचे पैसे दिले. लेखी करार केला नव्हता. पाचशेपैकी तीनशे प्रती पोत्यांतून घरी आल्या आणि कित्येक वर्षे दिवाणाखाली पडून होत्या. पैसे देऊन छापू नकोस आणि करार वाचल्याशिवाय सही करू नकोस. आपल्या कायद्याने लेखी करारावाचून लेखनाचे हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिचा विचार पदवीनंतर करू.

वही परत पाठवत आहे. खुणा फक्त चौथ्या कथेवर केल्या आहेत. परीक्षा आटोपली की ती कथा वहीत न बघता पुन्हा लिही, खळ्यापासून सुरू कर आणि पूर्वीपेक्षा दोन पाने कमी करून मला पाठव. आजोबांनी ती सुतळी पुढे कशाला वापरली, हेही त्यांना विचारून ठेव.

तुझी हितचिंतक,
एक जुनी उपसंपादक