व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सिअसला अचानक धातू का होतो: इलेक्ट्रॉनांमुळे की जालकाच्या (अणूंच्या नियमित मांडणीच्या) कंपनांमुळे?

दोन्हींमुळे, आणि ‘की’पाशीच खरी गोम आहे. संशोधक मॉरिन यांनी १९५९ मध्ये हे संक्रमण नोंदवलं. वाद अजून धुमसतोय. थंड, विद्युतरोधक अवस्थेत व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात, म्हणून जालकाला श्रेय द्यावंसं वाटतं. पण इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण नीट धरलं नाही, तर साध्या गणितात ऊर्जा-फट (वीज वाहू न देणारं इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांमधलं अंतर) उघडतच नाही. शिवाय ताण दिल्यावर मिळणाऱ्या एम२ नावाच्या स्फटिकरूपात निम्म्याच साखळ्यांत जोड्या जमतात, तरी पदार्थ विद्युतरोधकच राहतो! इथे माझं मत इलेक्ट्रॉनांकडे झुकतं. उलट, तापल्यावर धातुरूप टिकतं ते मुख्यतः मऊ पडलेल्या कंपनांच्या एन्ट्रॉपीमुळे, म्हणजे अव्यवस्थेच्या मापामुळे. किंचित टंगस्टन मिसळलं की हेच संक्रमण खोलीच्या तापमानाजवळ येतं.