बसची जमीन बदलायची, पण कर्ज काढून?

प्रश्न घणसोलीच्या एका वाचक ताईंचा. २०१४ची मिनीबस त्यांनी आणि दिरांनी मिळून फिरतं घर म्हणून करून घेतली आहे. खालचं प्लाय कुजलंय. नवी जमीन अखंड विनाइल चिकटवून केली तर ७२,००० रुपये, आणि गिअरबॉक्स, टाकी वगैरेंवर उघडणारी पाच झाकणं ठेवली तर ९८,०००. यजमान म्हणतात, पर्सनल लोन घेऊ. एफडी चार लाखांची, घरखर्च महिना ५५,०००, शिल्लक महिना १५,०००.

ताई, आधी झाकणांचं बोलू, कारण खरा पैसा तिथेच आहे. तुम्हीच लिहिलंय की गेल्या तीन वर्षांत जमीन दोनदा कापावी लागली, एकदा क्लचसाठी, एकदा डिझेलच्या फ्लोटसाठी (टाकीतलं डिझेल किती ते दाखवणारा तरंगता भाग). आणि दर वेळी सुतारानं कापून-जोडून ९,००० घेतले. पाच झाकणांचे जादा २६,००० म्हणजे अशा तीन कापाकाप्या. तुमच्या गतीनं ते वसूल व्हायला सव्वाचार-साडेचार वर्षं लागतील. पण पाच कशाला? एका झाकणाचा भाव ५,२०० पडतो. गिअरबॉक्स, डिझेल टाकी आणि पाण्याचा पंप, एवढी तीनच करा. १५,६०० रुपये, अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल. बाकी दोन ठिकाणी विनाइल चिकटवण्याआधी प्लाय खिळ्यांऐवजी स्क्रूनं बसवून घ्या, म्हणजे वेळ आलीच तर विनाइलचा तुकडा जाईल, प्लाय नाही. कुठली तीन, हे मात्र मेकॅनिकला बसखाली झोपवून ठरवा, सुताराला विचारून नव्हे.

दोन वर्षांत बस विकायचा विचार असेल तर हा हिशोब उलटतो. मग एकच झाकण, गिअरबॉक्सवर. आणि २०२९मध्ये १५ वर्षं भरतील, तेव्हा खासगी नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर येणारच आहे. बस तोवर ठेवायची का, हे दिरांशी आत्ताच बोलून घ्या.

आता कर्ज. १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी एक लाख घेतलेत तर हप्ता साधारण ४,८०० आणि व्याज १५,०००च्या वर. म्हणजे तीन झाकणांचा पैसा नुसता व्याजात! मला हे पटत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च ३,३०,००० बाजूला ठेवला तर एफडीतले ७०,००० मोकळे आहेत. मुदतीआधी मोडल्यास बँका बहुधा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, तेही कर्जापेक्षा स्वस्त. पावती एकच असेल तर अर्धवट रक्कम काढता येते का, ते विचारा. तीन महिने शिल्लक साठवा, ४५,००० होतील. हातात १,१५,०००.

त्यातले ८७,६०० जमिनीला. उरलेले सत्तावीस हजार खालच्या गंजासाठी, आणि तो निघणारच. खाडीकाठची हवा आहे, घणसोलीत लोखंड वर्षानुवर्षं तसंच राहत नाही. म्हणून काम पावसाळा सरल्यावर काढा, आधी जुनी जमीन उचलून क्रॉसमेंबर, म्हणजे जमीन पेलणारे आडवे लोखंडी तुकडे, बघा आणि मगच कोटेशन पक्कं करा.

साहित्यात काटकसर नको. प्लाय ‘आयएस ७१०’चा शिक्का असलेलंच, म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं. लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट फ्लोअरिंग दिसायला छान, पण आत एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड असतो, ओल लागली की तो फुगतो. झाकणांच्या कापलेल्या कडा रंगानं किंवा सीलंटनं बंद केल्या नाहीत तर मरीनही कुजेल.

एक राहिलंच. बसमध्ये केलेला बदल आरसीवर चढला आहे ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार तो आरटीओकडे नोंदवावा लागतो, आणि विमा कंपनीलाही कळवायला हवं. नसेल तर जमिनीआधी आरटीओचं काम करा. अपघातात दावा अडकला तर ८७,६०० काहीच वाटणार नाहीत. सुताराला आगाऊ एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नका. शेवटचा हप्ता मेकॅनिकनं तिन्ही झाकणं स्वतः उघडून बघितल्यावर.