वाचक विचारतात : चेन-सॉकेटचे दाते किती?

प्रश्न : 1990 ची यामाहा आरएक्स 100 मातीच्या वाटांसाठी तयार करतोय. खाचांचे टायर घातले, चेनकव्हर काढले. पुढचा सॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) 14 दात्यांचा, मागचा 38 चा, चेन 428 ची (हा मापाचा नंबर), 112 कड्यांची. चढणीला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरते, पहिल्यात नुसती किंचाळते. एक मेस्त्री म्हणतो पुढे 12 लाव, दुसरा म्हणतो मागे 45. चतुर्थीच्या आत काम उरकायचे आहे. — एक वाचक, वाळपई

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. पुढे 13 लावा, मागचा 38 च राहू द्या.

मागचे दाते भागिले पुढचे दाते, हा हिशेब. आता तो 2.71 आहे, 13 लावल्यावर 2.92 होईल. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढेल. बदल्यात, इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना आज 80 चा वेग मिळतो, तिथे 74 मिळेल. पुढचा एक दाता कमी करणे म्हणजे मागे जवळजवळ तीन वाढवणे, आणि पुढचा सॉकेट स्वस्त. घेताना आतल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टला बसतात का, ते दुकानातच जुना ठेवून पाहा. चेन तीच चालेल. चाक जेमतेम 3 मिमी मागे घ्यावे लागेल.

12 का नको? लहान सॉकेटवर प्रत्येक कडी 30 अंशांत वळते, 14 वर पावणेसव्वीस. कडीतली पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, तेवढे जास्त घासतात. शिवाय चेन गोल नव्हे, बहुकोनी वळते, त्यामुळे तिचा वेग दर दात्याला खालीवर होतो: 14 ला अडीच टक्के, 12 ला जवळजवळ साडेतीन. हाच धक्का लाल चिखलात चेन तोडतो. उलट 13 चा एक छुपा फायदा आहे. 112 ला 14 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे दर आठ फेऱ्यांनी तीच कडी त्याच दात्यावर येते. एक कडी खराब असली की तेच दाते मार खातात. 13 वर प्रत्येक कडी आळीपाळीने सगळ्या दात्यांवर फिरते.

एवढ्यानेही चढण जमली नाही, तरच मागे 42 लावा. मग चेन नवी लागेल. शाफ्ट आणि मागचा ॲक्सल यांच्या मध्यांतले अंतर मोजा. समजा ते 544 मिमी भरले. दुप्पट करून 12.7 ने (428 च्या दोन पिनांतले मिमी अंतर) भागा: 85.7. त्यात दात्यांच्या बेरजेचे अर्धे, 27.5, मिळवा. दात्यांतला फरक 29, त्याला 6.28 ने भागून वर्ग करा, 12.7 ने गुणा, 544 ने भागा: 0.5. एकूण 113.7 कड्या. विषम कड्यांच्या चेनला अर्धी कडी घालावी लागते आणि ती कच्ची असते, म्हणून 114 घ्या. जुनी चेन जोडकडी लावून लांबवू नका. 20 कड्या नव्या असताना 254 मिमी भरतात. ताणून धरल्यावर 258 च्या वर गेल्या तर चेन आणि दोन्ही सॉकेट एकदम बदला.

प्रश्न : पावसात चेन सारखी सैल होते, घट्ट केली तर कुरकुरते. — एक वाचक, पेडणे

उत्तर : ढील तुम्ही स्टँडवर मोजत असणार. शाफ्ट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. मागचे दोन्ही शॉकॲब (शॉक ॲब्सॉर्बर) काढा, चाक उचलून त्या रेषेत आणा आणि तिथे 10 ते 15 मिमी ढील ठेवा. शॉकॲब परत बसवून स्टँडवर किती ढील दिसते ते लिहून ठेवा. यापुढे तोच आकडा धरा.

कुरकुर जांभ्याच्या मातीची. ग्रीसमध्ये मिसळली की तिचा पॉलिशपेपर होतो. रॉकेलने ब्रश मारून धुवा, कोरडी करा, 90 नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने सोडा आणि जास्तीचे पुसून काढा. किनाऱ्याजवळ गाडी असेल तर हे दर आठवड्याला. चेनची दोन टोके जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेलाच हवी. उलटी बसली तर काटकी अडकून ती निघते.

प्रश्न : 520 ची चेन मजबूत म्हणतात. 428 च्या सॉकेटवर बसेल? — एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. 428 च्या पिनांतले अंतर 12.7 मिमी, 520 चे 15.875. दोन्ही सॉकेट बदलावे लागतील, आणि 11 अश्वशक्तीच्या गाडीला चांगली 428 पुरून उरते.