एका अंशाच्या तबकडीवर 0.2 अंश

तुमच्या पत्राचा सारांश असा : तुम्ही बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात असून प्रकल्पासाठी फॅरेडे परिणाम निवडला आहे. लाल लेसरचा ध्रुवीकृत झोत पाण्याने भरलेल्या 10 सेंटिमीटरच्या नळीतून जातो आणि भोवतीच्या कॉइलने सुमारे 10 मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्र दिल्यावर त्याचे ध्रुवण प्रतल, म्हणजे प्रकाशलहरी ज्या प्रतलात कंप पावतात ते, किती फिरते, हे तुम्ही मोजत आहात. वाचन कधी शून्य, कधी एक, तर कधी दोन अंश येते. पुस्तकातला आकडा लिहून मोकळे व्हावे, असे तुम्हाला सुचवले गेले आहे, आणि वडिलांच्या मते आता संगणकाकडे वळणेच बरे. आपल्याला प्रयोग जमत नाहीत, असा निष्कर्ष तुम्ही स्वतःही काढला आहे. तो मला मान्य नाही.

फिरण्याचा कोन हा व्हर्डे स्थिरांक (पदार्थाची प्रतल फिरवण्याची क्षमता), क्षेत्र आणि लांबी यांचा गुणाकार असतो. पाण्याचा स्थिरांक सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात सुमारे 3.8 रेडियन प्रति टेस्ला-मीटर असून लाल प्रकाशात तो आणखी कमी भरतो. म्हणजे तुमच्या मांडणीत उत्तर जेमतेम 0.2 अंश येणार, आणि ध्रुवण प्रतल ओळखणाऱ्या तुमच्या अ‍ॅनालायझरच्या तबकडीचे लघुतम माप मात्र 1 अंश आहे. दोष हाताचा नव्हे, मापपट्टीचा आहे. 1845 मध्ये फॅरेडेलाही अनेक पदार्थांनी दाद दिली नव्हती. अखेर 13 सप्टेंबरला परिणाम दिसला तो शिसेयुक्त जड काचेत, जी त्याने कित्येक वर्षांपूर्वी दुर्बिणींसाठी चांगली काच शोधताना बनवली होती.

तेव्हा कोन तबकडीवर वाचणे सोडा. अ‍ॅनालायझर ध्रुवण प्रतलाशी 45 अंशांवर ठेवा, कारण मालसच्या नियमानुसार तिथेच थोड्या फिरण्याने तीव्रता सर्वाधिक बदलते, आणि फोटोडायोडने ती तीव्रता मोजा. हा बदलही एक टक्क्याहून कमी असेल, आणि स्वस्त लेसर तेवढा आपोआपच डळमळतो; म्हणून प्रवाहाची दिशा पुन्हा पुन्हा उलटवून दोन्ही वाचनांतील फरकाचा अर्धा भाग घ्यावा. महाविद्यालयात लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर कॉइलला प्रत्यावर्ती प्रवाह देऊन त्याच वारंवारतेचा संकेत वेगळा काढता येतो. नळीच्या टोकांच्या काचाही प्रकाश फिरवतात, त्यामुळे रिकाम्या नळीचे वाचन वजा करायला विसरू नका. शिवाय कॉइलच्या टोकांशी क्षेत्र मंदावते, म्हणून क्षेत्राच्या मधल्या एकाच वाचनावर विसंबू नये. पाण्याऐवजी तेवढ्याच लांबीची जड फ्लिंट काच मिळाली, तर कोन अंशाभराच्या घरात जाईल.

आता वडिलांच्या काळजीविषयी. केवळ ‘फॅरेडे परिणाम’ या नावाने नोकरी नसते, हे स्पष्ट सांगायला हवे, आणि खासगी क्षेत्रातील प्रकाशिकीच्या जागाही आपल्याकडे मोजक्याच आहेत. परंतु परतणाऱ्या प्रकाशापासून लेसरला वाचवणारे आयसोलेटर याच परिणामावर चालतात, कारण साखरेच्या द्रावणातही प्रतल फिरते, पण तिथे परतीच्या वाटेवर ते फिरणे रद्द होते, तर इथे ते दुप्पट होते आणि परतणारा प्रकाश अडवता येतो. वीज उपकेंद्रांत प्रवाह मोजणारे प्रकाशतंतूंचे संवेदक याच तत्त्वाचे. नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे संशोधकही अंतराळातील चुंबकीय क्षेत्र अजमावतात ते ध्रुवीकृत रेडिओलहरी किती फिरल्या, यावरूनच. या सगळीकडे माणूस लागतो तो गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढणारा, आणि त्यात संगणकावरील विश्लेषणही आपसूक येते. वडिलांना हे जरूर सांगा.

एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा द्या, पण संस्था निवडताना नावापेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत किती महिने मिळतात, हे विचारा. पुढे इंदूरचे राजा रामण्णा केंद्र लेसरसाठी, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा मापनमानकांसाठी, तर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा नोकरीच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. आयआयटी दिल्लीत उपयोजित प्रकाशिकीचा एम.टेक.ही आहे.

पुस्तकातला आकडा वहीत जरूर लिहा, परंतु ‘संदर्भ मूल्य’ या वेगळ्या रकान्यात. तुमच्या रकान्यात तुमचीच वाचने अनिश्चिततेसह यावीत, जुनी एक अंशाच्या तबकडीवरचीसुद्धा. कारण मुलाखतीत परीक्षक नेमके तेच पान उघडून, पद्धत का बदलली, हे विचारतील.