दहा-बारा वर्षं जुनी मिनीव्हॅन घ्यावी का? कुठे बिघडते, किती खर्च येतो?

घ्या, पण आधी गिअरबॉक्स बघा. बाकीचं सगळं त्यानंतर.

सात-आठ माणसं आणि सामान ओढून या गाड्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फार तापतो. जुन्या मिनीव्हॅनचा सर्वांत महागडा बिघाड तोच. कधीकधी दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशीच स्पर्धा करतो. ट्रायल घेताना इंजिन गरम होऊ द्या. डी (पुढे) किंवा आर (मागे) गिअर टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून झटका देत असेल, किंवा गिअरबॉक्सच्या ऑइलला करपट वास येत असेल, तर सरळ घरी या. ऑइल शेवटचं कधी बदललं याची पावती मागा. "लाइफटाइम ऑइल आहे", म्हणजे कधीच बदलावं लागत नाही, हे उत्तर मला तरी पटत नाही.

मग टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. होंडा ओडिसीच्या व्ही-६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनाला बेल्ट असतो, टोयोटा सिएनाच्या २००७ पासूनच्या ३.५ लिटर इंजिनाला चेन. बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल तर वॉटर पंपासकट तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

सरकत्या दारांचे रोलर आणि केबल झिजतात. मागच्या एसीचे पाइप गाडीखालून जातात, तिथे गंज बघा. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड, ब्रेक पॅड झिजणं हे चालायचंच.

एक गंमत: सगळे इशारादिवे विझलेले दिसले तरी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी, म्हणजे कोड, वाचणारं यंत्र) लावाच. विकणाऱ्याने आदल्या रात्री कोड पुसलेले असू शकतात.